सोपा स्वयंपाक कुणाला सोपा?



बायकांच्या मासिकांत पाककृती असतात आणि चळवळीच्या मासिकांत त्या नसतात, असा एक अलिखित करार आपण बरीच वर्षं पाळत आलो आहोत. कारण समजण्यासारखं आहे. बाईची चुलीपासून सुटका व्हावी म्हणून निघालेल्या अंकात पुन्हा चूलच कशाला, असं वाटायचं. पण आपल्या गटांच्या बैठका संध्याकाळी साडेपाचला गुंडाळाव्या लागतात त्या कशामुळे? ‘घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्यात’ हे वाक्य कानावर पडलं नाही अशी बैठक मला तरी आठवत नाही. तेव्हा या वेळी संपादकीयाच्या जागेत मी एक स्वयंपाकच घेते आहे. तोही आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला. आणि त्यात बीफ आहे. दोन्ही गोष्टींनी काही जणींच्या भुवया वर जातील हे मला ठाऊक आहे. आधी पूर्ण वाचा, मग हवं तर भांडा.

२०२३ साली समाजकार्याच्या एका देवाणघेवाण कार्यक्रमातून मी तीन महिने ओहायो राज्यातल्या एका गावात होते. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी तिथे एक निवारागृह आहे. दिवसा कागदपत्रं, कोर्ट, शाळाप्रवेश यांत मदत करायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात हाताला हात लावायचा, असं माझं काम होतं. तिथे आठवड्यातून एकदा तरी हा पदार्थ व्हायचा. कामाच्या दिवशी, दमून आल्यावर, पोरं भुकेनं रडत असताना झटपट करायचं, गरम आणि पोटभरीचं जेवण म्हणून अमेरिकेतल्या साध्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: मॅकरोनी, बीफचा खिमा, टोमॅटो आणि वर चीज.

आधी कृती सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

चार-पाच माणसांसाठी साडेचारशे ग्रॅम बीफ खिमा, सव्वादोनशे ग्रॅम कोपरासारखी वाकडी छोटी मॅकरोनी, एक मोठा कांदा, तीन-चार लसूण पाकळ्या, चारशे ग्रॅमचा टोमॅटोचा एक डबा, मीठ, मिरपूड, चमचाभर लाल मिरचीची पूड आणि शंभर ग्रॅमभर किसलेलं चीज. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवायचं, खिमा त्यात पसरायचा आणि दोन-तीन मिनिटं हलवायचाच नाही. घाई करून ढवळत राहिलं की खिमा पाणी सोडतो आणि परतण्याऐवजी उकडतो. खालून तपकिरी झाला की मग मोडायचा. तिकडच्या खिम्याच्या पाकिटावर चरबी किती हे छापलेलं असतं. वीस टक्के चरबीचा असेल तर सुटलेली चरबी थोडी काढून टाकायची आणि उरलेल्या चरबीतच कांदा, मग लसूण परतायचा. वेगळं तेल लागत नाही. टोमॅटो, मसाला आणि अडीच कप पाणी घालून उकळी आली की कच्चीच मॅकरोनी त्यात टाकायची. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मधे दोनदा ढवळायचं, कारण ती बुडाला लागते. मॅकरोनीतली पिष्टं पाण्यात उतरतात आणि रस आपोआप दाट होतो. आपली वरणफळं वरणातच शिजतात आणि वरणाला दाटपणा आणतात, तसंच. शेवटी आच बंद करून चीज मिसळायचं. अर्ध्या तासात जेवण तयार आणि घासायला एकच भांडं.

या ‘एकच भांडं’वर मी पुन्हा येणार आहे.

याला नाव मात्र एक नाही. बऱ्याच भागांत त्याला अमेरिकन गूलाश म्हणतात, हंगेरीच्या गूलाशशी त्याचं नातं नावापुरतं. ईशान्येच्या राज्यांत त्यालाच अमेरिकन चॉप सुई म्हणतात, आणि त्यात चिनी काहीही नाही. ओहायोत भट्टीत भाजलेल्या याच्या भावंडाला जॉनी मार्झेटी म्हणतात. हे नाव कोलंबस शहरातल्या एका इटालियन खानावळीशी जोडलं जातं, पण शाळांच्या जेवणघरांमुळे ते घरोघरी गेलं. शाळांत हे शिजवणारे हातही बहुतांशी बायकांचेच होते. मूळ इटलीत गरिबाच्या ताटात पास्त्यावर मांस क्वचित यायचं. दक्षिण इटलीतून १८८० ते १९२० च्या दरम्यान लाखो लोक अमेरिकेला गेले आणि गावाकडे सणालाही जे नशिबी नव्हतं ते बीफ तिथे मजुरीच्या पैशात आठवड्याला परवडू लागलं. पास्त्यावर मांसाचा ढीग घालणं ही त्यांची चैन होती आणि भूक संपल्याची खूणही. पुढे मंदी आली, युद्ध आलं आणि प्रमाण उलटं झालं: मांस थोडं, मॅकरोनी जास्त. आज आपण खातो तो पदार्थ या दोन्ही काळांचा आहे.

आता १९७१ सालात येऊ. त्या वर्षी जनरल मिल्स या कंपनीनं एक खोकं देशभर बाजारात आणलं. आत सुकी मॅकरोनी आणि मसाल्याची पुडी. बाईनं फक्त एक पौंड खिमा आणायचा आणि एका भांड्यात सगळं शिजवायचं. नाव होतं हँबर्गर हेल्पर. हेल्पर म्हणजे मदतनीस! ते ज्या बेटी क्रॉकर या नावाखाली विकलं गेलं ती बाईसुद्धा खरी नव्हती. १९२१ साली गृहिणींच्या पत्रांना उत्तरं देण्यासाठी पिठाच्या कंपनीनं तिला कागदावर जन्माला घातलं होतं. आणि १९७७ पासून या खोक्याच्या जाहिरातीत एक चेहरा आला. चेहरा कसला, एक पांढरा हातमोजा. चार बोटांचा, हसरा, चालता-बोलता हात. त्याला धड नाही, खांदा नाही, घर नाही.

मला या हातमोज्याचं फार वाटतं. अमेरिकेत त्या वर्षांत बायका मोठ्या संख्येनं नोकरीवर जाऊ लागल्या होत्या. संध्याकाळी घरी दमून येणारी माणसं आता एकाची दोन झाली होती. अशा वेळी घरात मदतीच्या दुसऱ्या हाताची गरज आहे हे कंपनीला अचूक कळलं. तो हात घरातच, टीव्हीसमोरच्या खुर्चीत होता. पण तो उठवण्यापेक्षा दुकानातून खोकं आणणं सोपं होतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांचं ‘द सेकंड शिफ्ट’ १९८९ साली आलं. आधीच्या वीसेक वर्षांतल्या पाहण्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की, नोकरी आणि घरकाम मिळून बाई पुरुषापेक्षा वर्षाला चोवीस-चोवीस तासांचा एक महिना जास्त राबते. म्हणजे खोकं येऊन अठरा वर्षं झाली तरी महिनाभराचं ओझं जिथल्या तिथेच होतं. खोक्यानं शिजवायला लागणारी मिनिटं कमी केली, हे कबूल करायलाच हवं. दमलेल्या बाईला ती मिनिटंही मोलाची असतात आणि तयार खोकं वापरणाऱ्या बाईला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण काय करायचं हे ठरवणं, सामान संपलं की नाही हे ध्यानात ठेवणं, धाकट्याला कांदा दिसलेला चालत नाही हे लक्षात ठेवून तो बारीक चिरणं, यांतलं काहीही त्या पुडीत येत नाही.

त्याच काळात, १९७२ साली, इटलीतल्या पाडोव्हा शहरात मारियारोझा दल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स, सिल्विया फेदेरिची आणि त्यांच्या सहकारी घरकामाच्या मोबदल्याची मागणी घेऊन एकत्र आल्या. ही मागणी पटावी की न पटावी यावर आपल्या शिबिरांत आजही रात्र रात्र वाद होतात आणि माझं स्वतःचं मत अजून एका बाजूला झुकलेलं नाही. पण ज्या देशाच्या नावावर जग पास्ता खातं, त्या देशातल्या बायका तेव्हा विचारत होत्या की, तो रोज रात्री ताटात येतो त्याचे पैसे कोण देतं, ही गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते.

पैशांचा विषय निघालाच आहे तर बीफच्या भावाचंही सांगते, कारण हा इतिहास आपल्या मोर्चांच्या फार जवळचा आहे. १९०२ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ज्यूंसाठीच्या कोशर बीफचा भाव पौंडाला बारा सेंटवरून अठरावर गेला. स्थलांतरित ज्यू बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांनी खाटकांच्या दुकानांपुढे पहारे बसवले, गिऱ्हाइकांच्या हातातलं मांस रस्त्यात फेकलं, पोलिसांचा मार खाल्ला, अटक करवून घेतली. पण भाव खाली आणला. १९३५ मध्ये मिशिगनमधल्या हॅमट्रॅमक गावात मेरी झुक या बाईच्या पुढाकारानं असाच मांस-बहिष्कार झाला. आणि १९७३ च्या एप्रिलचा पहिला आठवडा अमेरिकेतल्या गृहिणींनी देशभर मांसाविना काढला. त्याच्या तोंडावर, २९ मार्चला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना बीफ, डुकराचं आणि मेंढीचं मांस यांच्या भावावर मर्यादा घालावी लागली होती.

या तारखा वाचताना मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं लाटणी आणि थाळ्या घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर पक्ष, भाषा, जात ओलांडून आलेल्या हजारो जणी. इथे प्रश्न तेलाचा, साखरेचा, रॉकेलचा होता, तिथे खिम्याचा. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची खबर असेल असं वाटत नाही. पण रात्रीच्या जेवणाचा हिशेब ज्यांच्या डोक्यात असतो त्यांनाच महागाई आधी कळते, हे दोन्हीकडे एकाच वेळी दिसलं. आणि दोन्हीकडच्या टोपीवाल्यांनी ‘आता बायका अर्थशास्त्र शिकवणार’ असं म्हणून हसून घेतलं असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

आज तिथे पुन्हा तीच वेळ आली आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतली गुरांची संख्या आठ कोटी सदुसष्ट लाखांवर, म्हणजे १९५१ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर आली. वर्षानुवर्षांच्या दुष्काळानं चारा नाही, म्हणून शेतकऱ्यांनी गाई विकल्या, आणि कळप पुन्हा वाढायला वर्षं लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यात खिम्याचा सरासरी भाव पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. गरिबाचं म्हणून ओळखलं जाणारं हे जेवण आता विचार करून करावं लागतं. खिमा अर्धा करून त्यात राजमा नाहीतर मसूर मिसळायचा, हा उपाय निवारागृहातल्या बायका मी तिथे होते तेव्हाच करत होत्या. चव बिघडत नाही, उलट माझ्या मते सुधारते.

आता त्या निवारागृहाविषयी. तिथे राहणाऱ्या बायकांची ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्वयंपाकघराचे मात्र बदललेले नाहीत.

तिथे एक फळा होता. त्यावर पाळी लिहिलेली असायची आणि फळ्याच्या माथ्यावर नियम: जिनं शिजवलं तिनं भांडी घासायची नाहीत. घासणाऱ्या दोघी वेगळ्या. मी गेले तेव्हा मला वाटलं होतं की, हा एका भांड्यातला पदार्थ तिथे एकाच भांड्यात होत असेल. पण नाही! एकजण मॅकरोनी वेगळ्या पातेल्यात उकळायची, खिमा लोखंडी तव्यावर चांगला खमंग करायची, टोमॅटोचा रस तिसरीकडे मंद आचेवर मुरवायची आणि सगळं एकत्र करून भट्टीत घालायची. तीन भांडी, एक ट्रे. चव विचारू नका. मी तिला म्हटलं, ‘ही कृती तर एका भांड्याची आहे ना?’ ती म्हणाली, ‘भांडी मला घासायची असली तर एका भांड्याची.’

पाककृतीच्या पुस्तकांत ‘सोपं’ या शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते मला त्या दिवशी कळलं. एकच भांडं हा चवीचा नियम नाही. पुढचं सगळं आपल्यालाच निस्तरायचं आहे, हे गृहीत धरून काढलेला तो मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट. या बायकांपैकी बहुतेकींच्या आधीच्या घरात संध्याकाळचे सहा ही भीतीची वेळ होती. जेवण गार होतं, मीठ जास्त झालं, ‘हे कालच केलं होतंस’, एवढ्यावरून ताट भिंतीवर गेलेलं होतं आणि मागोमाग हातही उठलेला होता. हे अमेरिकेतच घडतं असं समजायचं कारण नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य ठरेल का, असं सात कारणं देऊन विचारतात. त्या सातांतलं एक कारण आहे, तिनं स्वयंपाक नीट केला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत सातांपैकी किमान एका कारणासाठी मार योग्य म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. बायका एक टक्का जास्तच! हा आकडा मी प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते तेव्हा वर्ग गप्प होतो.

अशा घरातून आलेली बाई पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात घड्याळाकडे पाहत काम करते. साडेपाचपासून तिचे हात जलद चालू लागतात. कुणी दार वाजवलं की झाकण हातातून निसटतं. दोन-तीन आठवड्यांनी एके दिवशी तिचं जेवण पावणेसातला होतं, कुणी काही बोलत नाही, आणि ती स्वतःच सगळ्यांकडे बघत राहते. तीच मॅकरोनी, तोच खिमा, तेवढीच मिनिटं. पण सोपा हा शब्द मला तिथे पहिल्यांदा खरा वाटला.

मात्र तिथवर पोचण्यासाठी चूल लागते. अमेरिकेत गरिबांना धान्य-किराण्यासाठी सरकारी मदत मिळते, स्नॅप नावाची; पूर्वी तिला फूड स्टॅम्प म्हणत. मूठभर अपवाद सोडले तर तिच्यातून दुकानातलं शिजवलेलं गरम जेवण घेता येत नाही. कच्चा खिमा घेता येतो, मॅकरोनी घेता येते. भाजलेली कोंबडी गार असेल तर मिळते, गरम असेल तर नाही. निवारागृहात जागा नसते तेव्हा बाई मुलांना घेऊन मोटेलच्या खोलीत दिवस काढते. तिथे चूल नाही, पातेलं नाही. कार्डावर पैसे आहेत आणि शिजवता येत नाही. मग पाव आणि थंड डबे. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांपुढे नक्कीच एक घर असणार, त्यात चूल असणार आणि चुलीपुढे एक बाई असणार.

आपल्याकडून गेलेल्या बायकांचं आणखी कठीण. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, एच-४ व्हिसावरच्या बाईला ही मदत मिळतच नाही. २०१५ पासून अशा काही बायकांना काम करण्याचा परवाना मिळू लागला, पण तो नवऱ्याचा हिरव्या कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तरच. म्हणजे तिच्या कमाईची किल्लीही त्याच्याच फाइलमध्ये. मी तिथे असताना अशी एक मराठी मुलगी आली. शिकलेली, हुशार, आणि बारा दिवस तिनं आईला फोन केला नव्हता, कारण आई ‘घर सोडू नकोस’ म्हणेल याची तिला धास्ती होती. फळ्यावर तिची पाळी मंगळवारी लागली आणि ठरलेलं जेवण हेच. ती बीफला हात लावत नव्हती, आणि मंगळवारी तर नाहीच. जुन्या रहिवाशांपैकी दोन मुलांची आई असलेली एक काळी अमेरिकन बाई होती. तिनं कारण विचारलं नाही. म्हणाली, ‘तू टोमॅटो आणि मॅकरोनी बघ, खिमा मी परतते.’ हलालचा प्रश्न असलेली एक बांगलादेशी ताई होती, तिचाही विचार झाला. त्या रात्री ओट्यावर दोन पातेली शिजली, एकात बीफ, एकात राजमा. राजम्याला आमच्या मुलीनं जिऱ्याची फोडणी दिली आणि ते पातेलं आधी रिकामं झालं. कुणी कुणाला ‘हे खा’ म्हटलं नाही आणि ‘शी, हे कसं खाता’ असंही म्हटलं नाही.

हे आपल्याकडे इतकं सहज होत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या शिबिरांत जेवण ‘सगळ्यांना चालेल असं’ म्हणजे शाकाहारी ठेवतो. खर्च कमी होतो हे खरं. पण ‘सगळ्यांना’ या शब्दात कोण बसतं हे क्वचित विचारतो. ज्या घरांत ‘मोठ्याचं’ शिजतं त्या घरांतल्या आपल्या कार्यकर्त्या ते नाव शिबिरात खालच्या आवाजात घेतात. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं आहे. २०१५ साली दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसावर नाही. तेव्हा विधानसभेपासून वाहिन्यांपर्यंत बोलले ते श्रद्धेवर आणि राजकारणावर. ज्या बाईला कमी पैशात पाच पोटं भरायची होती तिच्या मंगळवारच्या जेवणाचं काय झालं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर एक पुस्तिका काढली होती. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ चं. ज्यांच्या गटात ही दोन्ही नाहीत त्यांनी मिळवावीत. ‘मराठी जेवण’ म्हणून आपण जे मिरवतो ते किती थोड्या घरांचं आहे हे त्यांतून कळतं. खाणं हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. कुणाच्या घरचा डबा उघडला की खोली गप्प होते, ते आपल्यालाही दिसत असतं.

ही कृती म्हशीच्या खिम्यानं करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: त्यात चरबी कमी असते, म्हणून सुरुवातीला दोन चमचे तेल घ्या आणि मॅकरोनी टाकण्याआधी खिमा दहा-पंधरा मिनिटं रसात शिजू द्या, नाहीतर चिवट लागतो. खिमा कुठलाही असो, मधे गुलाबी राहू देऊ नका. बीफ न खाणाऱ्यांनी भिजवलेला मसूर घ्यावा. टोमॅटोचा डबा आणायची गरज नाही, चार पिकलेले टोमॅटो किसून घातले की झालं. चीज महाग पडतं, ते थोडं घातलं तरी चालतं.

ही मॅकरोनी तिकडे ज्या जातीचं जेवण समजली जाते, त्याला ते ‘कम्फर्ट फूड’ म्हणतात. आपण त्याला काय म्हणू? मऊ भात, मेतकूट, पिठलं, गरम भाकरीचा काला असं काहीतरी मनात येतं आणि लगेच मागोमाग येतं ‘आईच्या हातचं’. आपल्या भाषेत दिलासा देणाऱ्या जेवणाला हात चिकटलेलाच असतो आणि तो बाईचा असतो. मी एका गटात विचारलं होतं, ‘तुम्ही दमता, आजारी असता, तेव्हा तुम्हाला कुणाच्या हातचं खावंसं वाटतं?’ पस्तिशी-चाळिशीच्या बायका. बऱ्याच जणींनी आईचं नाव घेतलं. ज्यांची आई गेली होती त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. एकजण म्हणाली, ‘हॉटेलचं. वेटर विचारतो ना, अजून काय आणू ताई.’ हसलो आम्ही. पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातचं असं त्या बावीस जणींत एकीनंही म्हटलं नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं; जे पुरुष हे काम करतात ते ८८. आणि असं काम करणारे पुरुष मुळातच थोडे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! कुकर, मिक्सर, तयार पिठं, घरपोच भाजी असं बरंच मधे आलेलं आहे. आपल्याही घरांत तो पांढरा हातमोजा पोचला आहे, वेगवेगळ्या नावांनी.

म्हणून पुढच्या अंकासाठी एक काम. आपापल्या गटातल्या दहा घरांत एक आठवडा रात्रीच्या जेवणाची नोंद ठेवा. काय होतं, ते कुणी ठरवलं, सामान कुणी आणलं, शिजवलं कुणी, शेवटी कोण जेवलं, भांडी कुणी घासली. एखाद्या घरात पुरुषानं स्वयंपाक केला तर तो रोजचा की रविवारचा, आणि त्यानंतर ओटा कुणी पुसला, तेही लिहा. नावं घालू नका, फक्त घरात माणसं किती आणि बाई बाहेर काम करते का एवढं असू द्या. शिजलेलं काय होतं ते जसं असेल तसं लिहा, मोठ्याचं असेल तर मोठ्याचं. वहीचं साधं पान चालेल. लिहिता येत नसेल तिच्या वतीनं दुसरीनं लिहावं. पत्ता नेहमीचाच आहे. बैठकीला येणाऱ्या मैत्रिणीबरोबर हातानं पाठवलंत तरी पोचेल.